आधी एक फोर्क मोडून बघ

चि. भाचीस,


तुझ्या फोर्कचे फोटो आणि ड्रॉइंग दोन्ही बारकाईने पाहिली. काम सुबक झालं आहे, मनापासून सांगतो. पण रविवारी तो सायकलला लावून वेताळ टेकडीवर जायचं म्हणतेस, ते करू नकोस.

पायऱ्यांवरून उतरून पाहिलं, काही झालं नाही, असं तू लिहिलंस. त्यातून एवढंच कळतं, की तो त्या दिवशी मोडला नाही. स्टीलमध्ये ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते वर्षानुवर्षं टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसहान दणकेसुद्धा त्यात साठत जातात, आणि भेग बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणार नाही अशाच जागी सुरू होते. पुढचा फोर्क मोडला की हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही, माणूस थेट तोंडावर आपटतो.

डॅम्परवर तू महिनोन् महिने घालवलेस. तो बिघडला तर सायकल उड्या मारेल, सील गेलं तर तेल गळेल. मला घोर आहे तो स्टिअरर, क्राउन, अ‍ॅक्सल आणि ब्रेकच्या माउंटचा.

आकडेच मांडू. आयएसओ 4210 च्या थकवा चाचणीत माउंटन बाइकच्या फोर्कला अ‍ॅक्सलपाशी पुढे-मागे 650 न्यूटनचा जोर एक लाख वेळा देतात. अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंत अर्धा मीटर धर, म्हणजे 325 न्यूटन-मीटर. तुझ्या फोर्कचे पाय बाहेरून 34 आणि आतून 28 मिलिमीटर आहेत. दोघांत वाटून ताण येतो साधारण 78 मेगापास्कल. पायांच्या 7075 अ‍ॅल्युमिनियमला तो पेलवेल. आता तोच मोमेंट स्टिअररवर घे. तिथे नळी एकच, बाहेरून 28.6, आणि तू आतून 24 चा बोर काढला आहेस. ताण येतो 280 मेगापास्कल. स्टिअररच्या 6061-टी6 चं यील्डच 275 च्या आसपास असतं! जाड पाय सगळ्यांना दिसतात, मोडणारी नळी हेडट्यूबच्या आत लपलेली असते. कंपन्या स्टिअररची भिंत खालच्या टोकाला जाड ठेवतात ती याचसाठी. तूही ठेव, नाहीतर सरळ 4130 क्रोमोलीची नळी घे. वजन वाढलं तर वाढू दे.

क्राउनच्या आतल्या कोपऱ्यांना मोठा रेडियस दे आणि टूल मार्क घासून काढ. भेग तिथूनच धरते. 6061 वेल्ड केलंस तर वेल्डच्या शेजारची ताकद निम्म्याच्या जवळ उतरते, पूर्ण हीट ट्रीटमेंट पुन्हा केल्याशिवाय ती परत येत नाही. 7075 ला तर टिग लावूच नकोस, सांधा तडकतो. आणि रॉडवर कुणी खडूने 7075 लिहिलं म्हणून तो 7075 होत नाही. टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) मागून घे.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर पायाच्या मागे असतो, त्यामुळे ब्रेक दाबताच अ‍ॅक्सल ड्रॉपआउटमधून खाली निसटायला बघतो. उघड्या ड्रॉपआउटमध्ये क्विक रिलीजवर भिस्त ठेवू नकोस, 15 मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल बसव.

हे सगळं झालं, की एकसारखे दोन फोर्क बनव आणि त्यातला एक मोड. 40 बोरचा न्यूमॅटिक सिलिंडर 5.2 बारला 650 न्यूटन ढकलतो. ओढताना दांड्यामुळे क्षेत्रफळ कमी पडतं, म्हणून त्या बाजूचा दाब वाढवून लोडसेलवर जुळवून घे. सेकंदाला एक फेरा धरला तर लाख फेऱ्यांना जेमतेम 28 तास लागतात. मध्ये मध्ये थांबवून डाय पेनिट्रंट (डीपी) टेस्ट कर. लाल डाय भेगेतून वर येतो. लाखावर थांबू नकोस, मोडेपर्यंत चालव. तुटलेल्या तोंडावर भेगेच्या वाढीची वलयं दिसली, तर ती जिथून पसरली ती जागा शोध. तुझं ड्रॉइंग तिथेच बदलायचं आहे. दोन्ही पाय मिळून 2300 न्यूटनने मिनिटभर ओढूनही बघ, सुटता कामा नयेत. चाचणी खाल्लेला फोर्क पुन्हा सायकलला लावायचा नाही, कितीही ठणठणीत वाटला तरी.

घरी घडवलेल्या गोष्टीला मी कमी लेखत नाही. मोटोक्रॉसमधून आलेल्या पॉल टर्नरने रॉकशॉक्सचा आरएस-1 सस्पेन्शन फोर्क बाजारात आणला 1989 साली, आणि पुढच्याच वर्षी ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सच्या फोर्कवर डाउनहिल जिंकली. तुझ्या हातातही तसं काही आहे असं मला वाटतं, म्हणूनच एवढं लिहितो. मात्र जोडीतला एक फोर्क चाचणीतून गेल्याशिवाय दुसऱ्यावर कुणा मैत्रिणीला 'एक चक्कर मारून बघ' म्हणू नकोस. तिला यातलं काहीच ठाऊक नसतं, ती फक्त तुझ्यावर विश्वास ठेवून बसते.

शनिवारी शॉपवर ये. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह माझ्याकडे आहेत, जिगसाठी चॅनेल कापून ठेवतो. क्राउनचं सुधारलेलं ड्रॉइंग आणि नळ्यांची टीसी तेवढी घेऊन ये.

तुझा,
मामा