विसर्जनाच्या संध्याकाळी ट्रंक लावू नका

महालक्ष्म्यांच्या साड्या नेसवून खराब होत नाहीत, नंतर ज्या घाईने आपण त्यांच्या घड्या घालतो त्या घाईने होतात. आमच्या घरात हे कळेपर्यंत एक पैठणी आणि एक हिमरू शाल हातची गेली. आणखी कुणाची जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

छत्रपती संभाजीनगरात आणि एकूणच मराठवाड्यात ज्यांच्याकडे उभ्याच्या महालक्ष्म्या येतात, त्यांना तो दिवस ठाऊक आहे. मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की जावा-नणंदा घरात आहेत तोवर सगळं आवरून टाकायचं असतं. कुणाची रात्रीची गाडी असते, कुणाच्या मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा. साड्या उतरवायच्या, पिशव्यांत भरायच्या, पिशव्या ट्रंकेत आणि ट्रंक माळ्यावर. बाहेर भाद्रपदाचा पाऊस. आपल्याकडचा वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत आपण वर्षभरासाठी कापड कोंडून ठेवतो. रेशीम हवेतला ओलावा धरून बसतं, आणि तरी हाताला कोरडंच लागतं. प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड बांधलं की त्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

आमची पैठणी सासूबाईंची, पैठणहून घेतलेली, पदरावर बांगडी मोर. दरवर्षी ज्येष्ठेला तीच. एका वर्षी ट्रंक उघडली तर निऱ्यांच्या जागी गंजाचे ठिपके होते. काढायची राहिलेली एक टाचणी कापडात रुतून बसली होती. ती सोडवताना भोवतालचं रेशीम भुगा होऊन बोटांना लागलं. डाव्या खांद्यावर तपकिरी डाग होते. फुलोऱ्याच्या करंज्या-साटोऱ्या वर मंडपीला टांगतो, त्यांच्या तेलाचा थेंब खाली पडतो. त्या दिवशी तो दिसत नाही. महिनोन्महिने हवा लागून तेल पिकतं, तपकिरी होतं, आणि मग तो डाग ड्रायक्लीनिंगलाही दाद देत नाही. पदराचं दुखणं वेगळंच होतं. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घडी पडल्याने जर मोडली होती आणि मोराच्या मानेतून कापड सरळ चिरत गेलं होतं. जर म्हणजे शेवटी धातू. एकाच जागी वाकवत राहिलं की तुटणारच.

म्हणून आता आमच्याकडे विसर्जनाच्या दिवशी साड्या फक्त उतरतात. ट्रंक लावायची ती कोजागिरी झाल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हाने हवा कोरडी झाली की. साडी उतरवतानाच टाचण्या मोजायच्या. जेवढ्या लावल्या तेवढ्या डबीत परत यायला हव्यात. मग खिडकीच्या उजेडात खांदे, पदर, काठ नीट बघायचे. तेलाचा संशय आला तरी पाणी लावायचं नाही. टाल्कम पावडर भुरभुरून काही तास ठेवायची, मऊ ब्रशने झटकायची आणि डाग असल्यास ड्रायक्लीनिंगला देताना बोट ठेवून दाखवायचा. त्यानंतर साडी चार-पाच दिवस सावलीत दांडीवर सोडायची. कडक उन्हात मुळीच नाही, रेशमाचा रंग उडतो.

गुंडाळायला मांजरपाट किंवा जुनं धुतलेलं धोतर यांच्यापेक्षा चांगलं काही मी पाहिलेलं नाही. कापडाला खळ नको, खळीवर कसर येते. वर्तमानपत्र नको, त्याचा कागद पिवळा पडतो आणि सोबत रेशीमही पिवळं करतो. शक्य असेल तर साडीची घडीच घालू नका. कापडाच्या दुकानात ताग्याची रिकामी पुठ्ठ्याची नळी मागितली तर मिळते. तिच्यावर मांजरपाट गुंडाळायचं, वर साडी सैलसर गुंडाळायची, वरून पुन्हा मांजरपाट, आणि सुती नाडीने बांधायचं. रबर बँड लावू नका. खऱ्या जरीत चांदी असते आणि रबरातलं गंधक चांदीला काळं करतं. लोकरीतही गंधक असतं, तेव्हा जरीची साडी आणि लोकरी शाल एका गाठोड्यात नकोत. नळी ठेवायला जागा नसेल तर दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेषेवर घाला. तेवढं नक्की करा.

ट्रंक कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. पत्र्याची ट्रंक उत्तमच, उंदीर आणि वाळवी तिच्यापुढे हरतात. पण फ्लॅटमध्ये माळा बहुधा बाथरूमवर असतो आणि तिथली भिंत बारा महिने ओल धरते. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भाजून निघतो. त्यापेक्षा आतल्या खोलीतल्या पलंगाखाली, दोन लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ट्रंक ठेवावी.

आता हिमरूबद्दल. देवगिरीला राजधानी आणणाऱ्या मुहम्मद बिन तुघलकाच्या काळापर्यंत आपल्या शहरातल्या या विणकामाचं मूळ नेलं जातं. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, आणि पाठीमागे रेशमाचे मोकळे धागे. आमची शाल त्याच ट्रंकेच्या तळाशी होती. उलगडली तेव्हा आधी वाटलं, रंग उडालाय. मग दिसलं की मधली कितीतरी बुटी नाहीशीच झाली होती आणि खालचं सुती कापड जसंच्या तसं होतं. किड्याने रेशीम वेचून खाल्लं होतं, सुताला तोंडही लावलं नव्हतं. रेशीम आणि लोकर ही प्राणिज प्रथिनं, या अळ्यांचं ते अन्नच. कापड खाते ती केसाळ, तपकिरी अळी. तिचं मोठं रूप म्हणजे एक इवलासा भुंगा. तो फुलांवरचे परागकण खातो आणि बऱ्याचदा फुलांबरोबरच घरात शिरतो. महालक्ष्म्यांच्या दिवसांत आपल्या घरात किती फुलं असतात ते आठवून बघा. घामाचा, अन्नाचा अंश राहिलेलं कापड अळीला अधिक आवडतं. ‘एकदाच तर पांघरली’ म्हणून शाल न झटकता, न स्वच्छ करता ठेवणं महागात पडतं ते यामुळेच.

शाली, स्वेटर, मफलर यांच्या बाबतीत आपलं हवामान दयाळू आहे. थंडी सरते तेव्हा हवा कोरडी असते, त्यामुळे होळीनंतर धुऊन, पूर्ण वाळवून ते लगेच ठेवले तरी चालतं. लोकरी शालीत कसर दिसलीच तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर शालीवर दव धरतं. वेखंडाच्या पुरचुंडीने किडा थोडाफार लांब राहतो, पण आधीच घातलेली अंडी काही तिने मरत नाहीत.

डांबरगोळ्या आम्ही घरातून हद्दपार केल्या. जरीला त्या लागू देऊ नका असं विणकर सांगतातच. पण माझा खरा धसका आहे तो तान्ह्या मुलांसाठी. जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, स्वेटर वापरले तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. घरात बाळंतपण असेल तर पेटीतले जुने कपडे काढण्याआधी त्यांत गोळ्या होत्या का ते विचारा. ठेवल्या असतील तर ते कपडे बाळाला घालूच नका.

सजावटीचं सामान साड्यांच्या ट्रंकेत ठेवू नये. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि लाकडी, कापडी मखरं पुन्हा वापरात आली ते फार चांगलं झालं, पण ती आता वर्षानुवर्षं टिकवावी लागतात. कापडी पडदे झटकून गुंडाळावेत, घडी नको. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळाव्यात आणि सेलवर चालणाऱ्या पणत्या-कंदिलांतले सेल आधी काढावेत. ते पाझरले की आतल्या पट्ट्या कुजतात. पितळी मुखवटे चिंचेने किंवा पावडरीने उजळल्यावर भरपूर पाण्याने धुवा आणि नथीच्या भोकापर्यंत कोरडे करा, आंबट अंश राहिला की तिथेच हिरवं धरतं. शाडूच्या रंगवलेल्या मुखवट्यांना पाणी नको, मऊ कुंचला फिरवला की पुरे. त्यांना प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात रंग नरम होऊन पिशवीला चिकटतो आणि पिशवी सोडवताना गालाचा रंग निघून येतो.

आणि वर्षाने ट्रंक उघडायची ती आवाहनाच्या आदल्या रात्री नव्हे. श्रावणात पावसाची उघडीप बघून एकदा सगळं बाहेर काढा. काही विरलं असेल, काठ सुटला असेल, तर रफूगाराला निदान पंधरा दिवस हवेत. ऐन सणाच्या तोंडावर त्याच्याकडे साड्यांचा ढीग असतो आणि घाईतलं रफू पुढच्या वर्षी उसवतं.