सतरा अध्याय गाळून

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, की मी तुला हे ज्ञान सांगितलं, आता याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. हा श्लोक मी कितीदा तरी वाचलाय. या आठवड्यात मात्र तो थेट आमच्या घरात घुसला.

माझी मुलगी सहावीत आहे. बुधवारी शाळेच्या ऑफिसमधून तिचा फोन. "बाबा, विज्ञानाची वही राहिली. आणून दे ना!" महिन्यात तिसऱ्यांदा. आधी दोनदा मी मीटिंग सोडून स्कूटरवर पळालो होतो. यावेळी म्हटलं, "नाही आणणार. टीचरना खरं काय ते सांग." फोन ठेवला आणि पुढचा तासभर कोडची एक ओळ धड सुचली नाही.

मनात मात्र शाबासकी घेत होतो, की बघा, जबाबदारी शिकवली! संध्याकाळी ती घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "दप्तर तर रोज तूच भरतोस."

खरंच की. दप्तर मी भरतो, टाइमटेबल तिची आई बघते, डबा-बाटली आजी हातात देते. मंगळवारी रात्री मी रिलीजमध्ये अडकलो होतो. म्हणजे वही विसरलो मी आणि बोलणी खाल्ली तिने.

रात्री पुन्हा गीता उघडली. अर्जुन दुसऱ्या अध्यायात म्हणतो, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. तिथून श्रीकृष्ण समजावतात, तो शंका विचारतो, कधी कधी उलटही विचारतो, आणि "तुला वाटेल तसं कर" हे येतं थेट अठराव्यात. मी मधलं सगळं गाळून पोरीला एकदम त्रेसष्टावा श्लोक ऐकवला होता!

उलट टोकही सोपं नाही हं. युद्धात शस्त्र न धरण्याचं ठरवून सारथी झालेले श्रीकृष्ण, अर्जुन भीष्मांशी हात राखून लढतोय हे बघून भीष्मपर्वात स्वतःच रथातून उडी टाकून धावले. तेव्हा अर्जुनानेच मागून धावत जाऊन त्यांना धरलं आणि मी लढतो म्हणून शब्द दिला. वही घेऊन पळणाऱ्या आईबाबांनी हा प्रसंग जरूर वाचावा. थांबवणारा अर्जुन होता, हे विशेष.

मी स्वतः होस्टेलवर गेलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि साधा शर्ट धुता येत नव्हता. इंटिग्रेशन मात्र फाडफाड यायचं.

तर गुरुवारी आधी तिला सॉरी म्हटलं. मग टाइमटेबल तिच्या टेबलासमोर चिकटवलं, दोन रात्री दप्तर दोघांनी मिळून भरलं. ती भरते, मी फक्त बघतो. हात शिवशिवतात, पण मी ते खिशात घालतो. शनिवारी तिने एकटीने भरलं. कंपासपेटी राहिली. मैत्रिणीकडून पेन्सिल मागून घेतली म्हणे, आणि घरी आल्यावर ते मला सांगितलंसुद्धा नाही. आजीकडून कळलं.

उद्या श्लोक ६४. "तुला वाटेल तसं कर" म्हटल्यावर श्रीकृष्ण गप्प बसत नाहीत, लगेच सांगतात की तू मला फार प्रिय आहेस. तो श्लोक मी तिच्यासोबतच वाचणार आहे.