रोज फोन करून ‘सोलो झालं का?’ विचारू नका

बारावीचा निकाल लागला की शिरूरच्या माझ्या करिअर मार्गदर्शनाच्या ऑफिसात दर वर्षी सारखीच एक फाइल येते. वर गुणपत्रकं, मध्ये पुण्यातल्या कुठल्या तरी एजंटाचं चकचकीत माहितीपत्रक आणि सगळ्यात खाली घडी घातलेला सातबारा. यंदा पहिली फाइल न्हावऱ्याहून आली, दुसरी पाटसहून. दोन्ही वडील एकच वाक्य बोलले, "सर, पोराला पायलट करायचाय, पैशाची सोय झालीय." पोरगं शेजारी खाली मान घालून बसलेलं.

कागदोपत्री अटी आधी उरकून घेतो. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. व्यावसायिक परवान्यासाठी वय 18 पूर्ण हवं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षांत प्रत्येक विषयाला किमान 70 टक्के आणि एकूण 200 तासांचं उड्डाण. खर्च 50 लाखांच्या आसपास किंवा वर, आणि एखाद्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची पात्रता, स्वतःच्या खर्चाने करायचं झालं तर आणखी पंधरा-वीस लाख. एवढं एजंटही सांगतो. या धंद्यात पोराच्या नावाची एक फाइल पहिल्या दिवसापासून तयार होते आणि निवृत्तीपर्यंत त्याच्या मागे असते, हे मात्र माझ्यासमोर बसलेल्या एकाही पालकाला एजंटाने सांगितलेलं नव्हतं.

इंजिनिअरिंगला एखादा विषय राहिला तर पुढच्या वेळी सुटतो आणि पाच वर्षांनी कंपनीत कोणी विचारत नाही. पायलटचं तसं नसतं. डीजीसीएच्या परीक्षांचे निकाल त्याच्या कंप्युटर नंबराखाली जमा होत जातात. फ्लाइंग स्कूलमध्ये प्रत्येक उड्डाणानंतर इन्स्ट्रक्टर शेरा लिहितो. कुठली चाचणी कितव्या वेळी पास झाली, कुठे जादा तास द्यावे लागले, मेडिकलमध्ये काय निघालं, हे सगळं नोंदलं जातं. नोकरी लागल्यावरही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर तपासणी असतेच. ड्यूटीआधीच्या श्वासचाचणीत दारू सापडली तर पहिल्या वेळी परवाना तीन महिने निलंबित होतो, दुसऱ्या वेळी तीन वर्षं, तिसऱ्या वेळी रद्द. भरतीच्या वेळी मागच्या अपयशांबद्दल आणि अपघातांबद्दल विचारणा होते, आणि उत्तराखाली सही पोराची असते.

तीन वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातला एक मुलगा सुट्टीत आला आणि त्याने त्याचं लॉगबुक माझ्या टेबलावर उघडलं. जाड पुठ्ठ्याची आडवी वही. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, सोबत कोण होतं, किती मिनिटं, असे रकाने, आणि पानाखाली एकूण तासांची बेरीज. सोबत ट्रेनिंग फाइलमधल्या काही पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो होते. सलग चार पानांवर एकच शेरा, ‘फ्लेअर उशिरा. रिपीट.’ म्हणजे उतरताना जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर विमानाचं नाक हलकेच उचलायचं असतं, तिथे त्याचा हात दर वेळी उशिरा चालत होता. हे शिकायला कुणाला बारा तास लागतात, कुणाला पंचवीस. इन्स्ट्रक्टर चार वेळा ‘पुन्हा कर’ म्हणाला, कारण पोरगं जिवंत राहावं ही त्याची जबाबदारी होती.

घरी मात्र रोज रात्री आठला फोन, "सोलो झालं का? त्या अमक्याचं झालं म्हणे." सोलो म्हणजे इन्स्ट्रक्टर खाली उतरतो आणि विद्यार्थी पहिल्यांदा एकटा विमान घेऊन जातो. पाचव्या आठवड्यात मुलाने सांगून टाकलं, झालं. वडिलांनी गावभर पेढे वाटले. प्रत्यक्षात सोलो त्यानंतर अठरा दिवसांनी झालं. ते अठरा दिवस तो कसा जगला हे मला सांगताना रडत होता. मला सोलोच्या उशिराची काळजी नव्हती. जो मुलगा वडिलांशी लँडिंगबद्दल खोटं बोलायला शिकला, तो उद्या वहीतही तेच करेल याची भीती होती.

पालकहो, ही भीती हवेतली नाही. जानेवारी 2011 मध्ये गोव्यात उतरताना एका प्रवासी विमानाची मागच्याऐवजी पुढची चाकं आधी टेकली. चौकशीत ते विमान उतरवणाऱ्या वैमानिकेच्या परवान्यामागची गुणपत्रिकाच बनावट निघाली आणि मार्चमध्ये तिला अटक झाली. मग देशभर परवाने तपासले गेले, आणखी बनावट कागद सापडले. त्याच वर्षी राजस्थानात न उडालेले तास वहीत भरल्याचं प्रकरण उघड झालं. फ्लाइंगचा प्रत्येक तास विद्यार्थ्याच्या वहीत असतो तसा विमानाच्या टेक्निकल लॉगमध्येही असतो. वहीप्रमाणे विद्यार्थी हवेत होता त्या दिवशी विमान हँगरमध्ये होतं, हे शोधायला फार हुशारी लागत नाही.

लपवाछपवी परदेशातही झाली. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. कॅप्टन आधी अनेक चाचण्यांत नापास झालेला होता आणि नोकरीच्या अर्जात त्याने सगळ्या नापासांची माहिती दिली नव्हती. त्यानंतर 2010 मध्ये कायदा झाला, वैमानिकांच्या नोंदींचा एकत्रित संग्रह करायचं ठरलं, त्याचे अंतिम नियम 2021 मध्ये आले. मधल्या काळात, फेब्रुवारी 2019 मध्ये, टेक्सासमध्ये अ‍ॅटलास एअरचं मालवाहू विमान पडलं. त्याच्या सहवैमानिकानेही आधीच्या नोकऱ्यांतली अपयशं लपवली होती.

म्हणून स्पष्ट सांगतो. फाइलमध्ये एक-दोन ‘रिपीट’ असल्याने कुणाचं करिअर संपत नाही. मुलाखतीत मुलाने स्वतःहून सांगितलं की क्रॉस कंट्रीच्या चाचणीत मी वाट चुकलो, नंतर असा सराव केला आणि दुसऱ्या वेळी पास झालो, तर समोरचा कॅप्टन मान हलवतो. त्यालाही कधी ‘रिपीट’ मिळालेलं असतं. एकच चूक सिंगल इंजिनवर, मल्टि इंजिनवर आणि सिम्युलेटरवर परत परत दिसत असेल तर मात्र गाडी अडते. आणि लपवलेलं सापडलं तर पुढचं बोलणंच होत नाही.

फ्लाइंग स्कूलचंही रेकॉर्ड बघा. बारामतीला पोरं जायला उत्सुक असतात, कारण दौंडवरून तासाभराचा रस्ता आणि उसाच्या रानात उभं राहिलं तरी ट्रेनिंगची विमानं डोक्यावरून जातात. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे एकाच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत कोसळली आणि डीजीसीएने तिचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी फी भरलेला विद्यार्थी महिनोन् महिने अडकतो, हात विसरतो, आणि वहीत दोन तारखांमधली ती रिकामी जागा तशीच राहते. ऑक्टोबर 2025 पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करू लागलंय. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. ती यादी वाचल्याशिवाय इसार देऊ नका. आणि सगळ्यात आधी, एजंटाला एक रुपया द्यायच्या आत, पोराचं क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या. जमीन विकून झाल्यावर डोळ्यांचा दोष निघालेली घरं मी पाहिली आहेत.

पायलट जमणार नसेल तर रांजणगावची कंपनी, कुरकुंभची केमिकल लाइन, पोलीस भरती, बी.एस्सी. अ‍ॅग्री, हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहेत. दौंडच्या मुलांच्या दारातून जाणारा एक रस्ता मात्र कुणी बघत नाही. असिस्टंट लोको पायलट. गेल्या महिन्यात एका वडिलांना हे सुचवलं तर ते उठलेच, "म्हणजे रेल्वेचा ड्रायव्हर?" होय, मनमाड, सोलापूर आणि पुण्याकडे गाड्या नेणारा ड्रायव्हर. दहावी आणि ठरावीक ट्रेडचं आयटीआय, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो. 2024 मध्ये देशात 18,799 आणि 2025 मध्ये 9,970 जागा निघाल्या. मूळ पगार 19,900 पासून, वर भत्ते, आणि ट्रेनिंगचा खर्च रेल्वेचा. शेत विकावं लागत नाही.

पण इथेही रेकॉर्ड आहेच, म्हणूनच मी हा रस्ता पायलटच्या शेजारी ठेवतो. लेखी परीक्षेनंतरच्या कलचाचणीत लक्ष, स्मरण, अंतराचा अंदाज अशा प्रत्येक चाचणीत किमान 42 टी-स्कोअर हवा. एकीत कमी पडला तर बाद, कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. नजर चष्म्याशिवाय 6/6 लागते आणि लेसर शस्त्रक्रिया केलेली चालत नाही, त्यामुळे घाईने लेसर करायला जाऊ नका. ड्यूटीवर येताना श्वासचाचणी, लोको इन्स्पेक्टरचे शेरे, आणि लाल सिग्नल ओलांडला तर नोकरीवर गदा.

ज्याच्याकडे वही उघडून ‘चार वेळा चुकलो’ म्हणायची हिंमत आहे, तो या दोन्ही कामांत टिकतो. ती हिंमत तुमच्या घरात वाढते की मरते, हे जेवताना तुम्ही काय विचारता त्यावर ठरतं. ‘सोलो झालं का’ऐवजी ‘आज काय अवघड गेलं’ विचारा, आणि उत्तर ऐकून गप्प बसा. शेजाऱ्याच्या पोराचं नाव काढू नका.

न्हावऱ्याच्या मुलाला मी वडिलांना बाहेर बसवून विचारलं. त्याला उडायचंच आहे, याची मला खात्री पटली. मेडिकलचा अर्ज त्याने माझ्यासमोर स्वतः भरला. पाटसच्या मुलाने बराच वेळ काही सांगितलं नाही, मग म्हणाला की त्याला उंचीवर चक्कर येते आणि हे घरी कुणालाच माहीत नाही. त्याचे वडील येत्या रविवारी परत येणार आहेत. मुलगा म्हणाला, सर, तुम्ही नका सांगू, मीच सांगतो.