धम्मपाठ : गृहस्थाचे सौजन्य

उपासक-उपासिकांनो, नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पूर्वी आपल्या वृद्धांनाही गावची पोरे अरे-तुरे करीत. त्यांना मात्र वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. ते सौजन्य नव्हते. ती भीती होती. आज आपण ताठ मानेने ‘जयभीम’ म्हणतो. मग आपण इतरांशी कसे वागावे?

राजगृहाजवळ सिगाल नावाचा गृहस्थ रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडी. तथागतांनी त्याला सांगितले, दिशा म्हणजे माणसे. पूर्व मातापिता, दक्षिण गुरुजन, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, वरची दिशा धर्मगुरू आणि खालची दिशा नोकर-मजूर. पतीने पत्नीचा मान राखावा, अवमान करू नये. मजुराला झेपेल तेवढेच काम द्यावे, वेतन व अन्न द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी.

साहेबाला नमस्कार कोणीही करतो. सौजन्याची खरी कसोटी खालच्या दिशेला लागते. पाथर्डी-शेवगावकडचा ऊसतोड मजूर दारात आला, तर ‘दादा, बसा’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांना पाण्यासाठीच सत्याग्रह करावा लागला होता, हे विसरू नका. मातंग वा भटक्या जमातीच्या शेजाऱ्याला कमी लेखू नका. ज्या तोंडाने ‘जयभीम’ म्हणता, त्याच तोंडाने सुनेला शिवी देऊ नका. चूक झाली तर लहानाचीही क्षमा मागा.

आपण जोहार घालणे सोडले. आता दुसऱ्याकडून जोहार घेण्याची हावही धरू नये. समतेचा आचार तो हाच.