डोकी मोजून येणारा पैसा

परदेशातल्या नातेवाइकांचा रविवारी फोन आला की आधी तब्येती, मग हवामान आणि मग हमखास तिसरा विषय निघतो. ‘तिकडे एखादा चांगला अनाथाश्रम माहीत आहे का? आमच्या चर्चला काही मुलांचा खर्च उचलायचाय.’ महिन्याला ठरलेले डॉलर, बदल्यात मुलाचा फोटो आणि नाताळला त्याच्या हातचं पत्र, असा हा व्यवहार. मी रायपूरला पंडरीच्या कपडा मार्केटात व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. घर मूळचं नगरकडचं, मराठी मिशनच्या वळणातलं ख्रिस्ती. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत लागले आणि इकडचेच झाले. आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं इथं थोडी, त्यामुळे ‘जरा जाऊन बघून या ना’ हे काम फिरून फिरून माझ्याकडेच येतं.

भाचा टेक्सासला असतो. त्याच्या चर्चनं रायपूरजवळच्या एका बालगृहातल्या साठ मुलांचा खर्च उचलला होता. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तशा बऱ्याच आहेत. वर्षाचा अहवाल आणि पावत्या त्यानं मला पाठवल्या : ‘मामा, तुम्ही हिशेबातले आहात, नजर टाका.’ फोटो सुरेख होते, इंग्रजी त्याहून सुरेख. मी मात्र गणवेशाच्या बिलावर अडलो. बिल आमच्याच मार्केटातलं होतं आणि खरं होतं. शर्टाचं कापड नव्वद मीटर, पन्हा छत्तीस इंची. अहवालात साठ मुलांना दोन-दोन जोड शिवल्याचं लिहिलेलं. दहा वर्षांच्या पोराच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाला सव्वा मीटर धरलं, तरी एकशे वीस शर्टांना दीडशे मीटर लागतं. नव्वद मीटरमध्ये छत्तीस पोरांचं भागतं.

गेलो तर मुलं तेवढीच, तीस-पस्तीस. गाद्या स्वच्छ, डाळ दाट, भिंतीवर पाढे. व्यवस्थापक म्हणाले, बाकीची मुलं घरी गेलीत. अनाथ मुलं घरी कशी जातात, हे मी तिथल्या तिथं विचारलं. माणूस लबाड नव्हता, थकलेला होता. म्हणाला, ‘सर, माँ-बाप ज़िंदा लिखो तो उधर से पैसा नहीं आता.’

या एका वाक्यात सगळं आलं. पैसा डोकी मोजून येतो, म्हणून डोकी लागतात. आणि डोकं अनाथ असेल तरच देणाऱ्याचं मन द्रवतं, म्हणून अनाथही लागतात. महासमुंद, बलौदाबाजारकडची गरीब कुटुंबं धान कापून झालं की वीटभट्ट्यांवर जातात, पार उत्तर प्रदेश, तेलंगणापर्यंत, ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर शाळा नसते. पोराला कुणी सात-आठ महिने सांभाळतो, शिकवतो म्हटलं, तर आई हात जोडून देणारच. त्यात तिचं काय चुकलं? जूनमध्ये अशी एक आई पोराला न्यायला आली, तेव्हा मी तिथं होतो. तिच्या मुलाच्या कार्डावर आई-वडील दोघंही मृत होते. मी वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘मोला जीते-जी मार डारिन का?’

पुढचं थोडक्यात सांगतो. संस्थेची बालन्याय कायद्याखाली नोंदणी नव्हती. परदेशी पैसा घ्यायची परवानगीही नव्हती, तो एका ओळखीच्या माणसाच्या खात्यात येत होता. चर्चचं म्हणणं पडलं, ताबडतोब पैसे बंद करू. मी म्हटलं, असं कराल तर उद्या सकाळी त्या तीस पोरांच्या ताटात काय? आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवलं. मुलं बाल कल्याण समितीसमोर गेली, बहुतेक घरी परतली, खरोखर कुणी नसलेली काही नोंदणीकृत बालगृहात गेली. त्या बाईच्या मुलाला सरकारी छात्रावासात जागा मिळाली. टेक्सासला कुणी रागावलं, कुणी रडलं. वर्षानुवर्षं पत्रं लिहिणाऱ्या एका आजींना तो मुलगा अनाथ नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण तसा झाला नाही. माणसाचं मन असंही असतं.

हे फक्त आमच्याकडचं नाही. जगभर अनाथालयांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. त्यांना तिथं आणते ती गरिबी. ऑस्ट्रेलियानं 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची वाहतूक हा गुलामगिरीचाच प्रकार मानला. आपला 2015 चा बालन्याय कायदाही संस्थेत ठेवणं हा अखेरचा पर्याय म्हणतो.

मग सगळं मिशनकार्य खोटं का? तसं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. याच मध्य प्रांतात 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आल्या आणि उपासमारीनं उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली घेऊन गेल्या. त्या मुलींना जायला घरच उरलं नव्हतं. त्यांना केडगावला आसरा मिळाला. रमाबाईंमागे बॉस्टनची अमेरिकन रमाबाई असोसिएशन होती, पण तिचं वचन दहा वर्षांचं, मुदत आधीच ठरलेली. मुदत संपायच्या सुमारास बाईंनी केडगावच्या जमिनीवर विहिरी खोदल्या, बाग लावली, पुढे छापखाना आणि माग चालवले, मुलींच्या हाताला काम दिलं. धर्माच्या प्रश्नावरून 1893 मध्ये रमाबाईंच्याच शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या, हेही विसरायचं कारण नाही. इकडे आमच्या भागात मिशनरी ऑस्कर लोर 1868 मध्ये विश्रामपूरला आले, पुढे दुष्काळांत तिथल्या मिशननंही पोरकी मुलं सांभाळली. तेव्हा कामाची परंपरा मोठी आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर आज कुणी खोटी कार्डं छापली तर आम्हालाच आधी लागतं.

दुसऱ्या टोकाला संशय आहे, आणि तोही आजचा नाही. 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नेमली, 1956 मध्ये तिचा अहवाल आला, आणि परदेशी पैशावरचा वाद तेव्हापासून या मुलखात धगधगतो आहे. अशा ठिकाणी कच्चा कागद परवडत नाही. जुलै 2025 मध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मुलींची तस्करी करत असल्याच्या आरोपावरून अटक झाली, आठवडाभरानं बिलासपूरच्या न्यायालयानं जामीन दिला. तेव्हा मुलांना घेऊन कुठंही निघायचं असेल, तर बाल कल्याण समितीचं पत्र आणि पालकांची लेखी संमती खिशात हवी. ‘आमचा हेतू चांगला’ हे प्लॅटफॉर्मवर कुणी ऐकून घेत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी पैशाचा नियम नीट सांगतो, कारण यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतले पैसे रीतसर बँकेतून पाठवत असाल, तर ते परदेशी अंशदान धरलं जात नाही. नागरिकत्व बदललं, ओसीआय कार्ड घेतलं, की तुमचे पैसे परदेशी ठरतात. चर्चचे तर ठरतातच. मग संस्थेकडे परदेशी अंशदान कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे फक्त दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेनं दुसरीला देता येत नाही, आणि प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्चता येत नाही. म्हणून ‘मामा, तुमच्या खात्यावर टाकतो, तुम्ही नेऊन द्या’ असं भाच्यानं म्हटलं तेव्हा मी चक्क नाही म्हटलं. तुमच्या मामाला, काकाला, पास्टरला या भानगडीत घालू नका.

नोंदणी आज आहे म्हणजे उद्या असेल असंही नाही. कम्पॅशन इंटरनॅशनलला मार्च 2017 मध्ये भारतातलं काम बंद करावं लागलं, तेव्हा सुमारे 1 लाख 45 हजार मुलांची मदत एका फटक्यात थांबली. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं नूतनीकरण 2021 च्या नाताळच्या दिवशी नाकारलं गेलं आणि जानेवारीत परत मिळालं. जी संस्था एकाच परदेशी नळावर जगते तिच्याबद्दल मला धास्ती वाटते. स्थानिक मंडळी, मग ती ख्रिस्ती असोत वा नसोत, तिला काय देतात हे आधी विचारा. तांदूळ देणारा शेजारी नसेल, तर काहीतरी बिनसलेलं आहे.

मी स्वतः आता तीन गोष्टी विचारल्याशिवाय कुणाला होकार देत नाही. बालन्याय कायद्याच्या कलम 41 खालची नोंदणी दाखवा. यातल्या किती मुलांना बाल कल्याण समितीच्या आदेशानं ठेवलंय, ते दाखवा. आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी परत पाठवली? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर शून्य आलं, की मी फाइल मिटतो. मुलं घरी धाडणं हे चांगल्या बालगृहाचं यश असतं, पण डोकी मोजणाऱ्याला तो तोटा वाटतो.

फोटोंचं वेड मात्र कमी करा. वाढदिवसाला अनाथाश्रमात केक कापून ते व्हॉट्सॲपवर टाकणारे आपल्याकडे भारतातही कमी नाहीत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बालन्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. ज्या संस्थेचं परदेशी पत्रक मुलांच्या नावा-चेहऱ्यांनी भरलेलं असतं, तिचा हिशेब मी दोनदा तपासतो.

आणि देता येईल तर कुटुंबाला द्या. विधवा आईचं शिवणयंत्र, भाड्याचे पैसे, भट्टीला न जाता गावात राहता यावं एवढा आधार. सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलाला घरातच वाढवण्यासाठी महिन्याला 4,000 रुपये प्रायोजकत्व मिळतं, पण कागदपत्रांअभावी किती घरं त्यापर्यंत पोचतच नाहीत. तो अर्ज भरून देणारा माणूस उभा करणं हे चर्चला, महाराष्ट्र मंडळाला, कुणालाही जमण्यासारखं काम आहे, आणि पैसा परदेशातून येत नसेल, तर त्याला एफसीआरए लागत नाही. भाच्याचं चर्च आता रायपूरजवळच्या एका नोंदणीकृत संस्थेमार्फत हेच करतं. फोटो येत नाहीत, म्हणून देणारे निम्मे उरलेत.

तुमच्या शेजारी एखादं बालगृह असेल आणि शंका येत असेल, तर 1098 वर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.