दोन संगणकांचा अबोला

सकाळी वसईच्या बाजारात उभे राहिलात तर सामवेदी, वाडवळी अशा निरनिराळ्या बोली कानांवर पडतात. घरी सामवेदी बोलणारी भाजीवाली वाडवळी गिऱ्हाइकाशी भाव ठरवते तो मात्र दोघांना समजेल अशा मराठीत. संगणकांचेही असेच आहे. विंडोज आणि लिनक्स या कार्यप्रणाली म्हणजे त्यांच्या घरच्या बोली. फायलींची देवघेव करायची तर दोघांना ठाऊक असलेली बाजारची भाषा हवी. अशा ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

या कामासाठी आयबीएममधील बॅरी फायगेनबाम यांनी १९८३ मध्ये एसएमबी हा प्रोटोकॉल तयार केला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. १९९१-९२ मध्ये कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी संगणकांमधून जाणारे-येणारे संदेश टिपले, त्यांवरून नियम ताडले आणि युनिक्स संगणकांसाठी तसा प्रोग्रॅम लिहिला. एस, एम, बी ही अक्षरे असलेला शब्द शोधून त्याला पुढे 'सांबा' हे नाव दिले. तोच आज लिनक्सवर चालतो. निरीक्षणांवरून नियम काढणे ही तर भौतिकशास्त्राचीच रीत!

आता आमच्या प्रयोगशाळेतील गोष्ट. लंबकाच्या प्रयोगाची निरीक्षणे लिनक्स संगणकावरील एका सामाईक फोल्डरात ठेवायची होती. विंडोज संगणकावरून फोल्डर दिसे, पण त्यात काही साठवता येईना. मुलांनी घाईने चार गोष्टी एकदम बदलल्या. त्यामुळे बिघाड कोठे आहे हे कळणे आणखी कठीण झाले. एका वेळी एकच राशी बदलावी, हा प्रयोगाचा नियम येथेही लागू आहे. मग आम्ही क्रमाने पाच प्रश्न विचारले.

१. रस्ता आहे का? विंडोजवरून लिनक्स संगणकाच्या पत्त्यावर, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० वर, 'पिंग' ही आज्ञा देऊन पाहावी. उत्तर आले तर तार किंवा वायफाय ठीक आहे.

२. नाव ओळखले जाते का? संगणकाच्या नावाने फोल्डर उघडत नाही, पण अंकी पत्त्याने उघडतो, तर दोष फक्त नावाच्या ओळखीत आहे.

३. दार उघडे आहे का? एसएमबीचे संदेश ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर येतात. सांबा चालू हवा आणि फायरवॉलने हे दार अडवलेले नसावे.

४. भाषेची आवृत्ती जुळते का? विंडोज एक्सपीला केवळ एसएमबीची पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा उपद्रवी प्रोग्रॅम याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला. म्हणून नव्या प्रणालींत ती मुळातच बंद असते. ती पुन्हा चालू करणे हा उपाय नव्हे.

५. ओळख आणि परवानगी आहे का? सांबाची पासवर्डांची यादी स्वतंत्र असते. लिनक्समध्ये खाते असले तरी सांबात ते वेगळे नोंदवावे लागते. शिवाय कुलपे दोन असतात: एक सांबाचे, दुसरे लिनक्सच्या फोल्डराचे. दोन्ही उघडली तरच लिहिता येते.

आमचे दुसरे कुलूप बंद होते. फोल्डर मुख्य खात्यातून तयार केल्यामुळे विद्यार्थ्यांना त्यात लिहिण्याची परवानगीच नव्हती. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकू या!" काम झालेही असते. पण मग एका गटाच्या हातून दुसऱ्या गटाची महिनाभराची निरीक्षणे पुसली गेली असती, तर ती परत कोठून आणायची? म्हणून प्रत्येक गटाला स्वतःच्या उपफोल्डरात लिहिण्याची आणि इतरांचे केवळ वाचण्याची मुभा दिली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'प्रवेश नाकारला' असा संदेश आला की आपण निराश होतो. वास्तविक ती चांगली खूण आहे. रस्ता सापडला, दार उघडले, भाषाही कळली, म्हणून तर समोरून नकार आला! आता फक्त पाचवा प्रश्न उरला.

करून पाहा: शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेतील दोन संगणकांमध्ये एक सामाईक फोल्डर तयार करा. मग मुद्दाम एकच गोष्ट बिघडवा आणि मित्राला पाच प्रश्नांनी ती शोधायला सांगा. प्रत्येक बिघाडाला कोणता संदेश येतो, त्याचा तक्ता वहीत लिहून ठेवा.