कॉफी क्रीम पाय : किती ऑर्डर घ्यायच्या, हे तुमचा फ्रिज ठरवतो

घरून डेझर्टचा व्यवसाय सुरू करायचाय, पण ओव्हन नाही, म्हणून थांबलायत? मग आजचा पदार्थ तुमच्यासाठीच. कॉफी क्रीम पायला ओव्हन लागत नाही. गॅस, फ्रिज आणि एक बीटर एवढ्यावर काम होतं. पण इथे रेसिपीबरोबर हिशोबही शिकायचाय, कारण थंड पदार्थाचा खरा खर्च चटकन दिसत नाही.

साहित्य (८ इंचाचा, ४ सेंमी उंच, तळ सुटा होणारा टिन, ८ तुकडे)

तळासाठी : मारी बिस्किटं २०० ग्रॅम, वितळलेलं बटर १०० ग्रॅम.
सारणासाठी : फुल क्रीम दूध ४०० मिली, साखर ८० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ८ ग्रॅम, डार्क चॉकलेट ५० ग्रॅम, बटर २० ग्रॅम, व्हिपिंग क्रीम २०० मिली.

क्रीम घेताना पाकिटावर 'व्हिपिंग' लिहिलेलं बघा. भाजीत घालतो ती साधारण २५ टक्के फॅटची फ्रेश क्रीम कितीही फेटली तरी घट्ट उभी राहत नाही.

कृती

१. बिस्किटांचा बारीक चुरा करा, बटर मिसळा. वाटीच्या बुडाने टिनच्या तळाला आणि कडेला घट्ट दाबा. अर्धा तास फ्रिजमध्ये.
२. थंड दुधात कॉर्नफ्लोअर, साखर, कॉफी गुठळ्या न राहता कालवा. मध्यम आचेवर सतत ढवळा. मिश्रण दाट झालं की लगेच गॅस बंद करायचा नाही! बुडबुडे यायला लागल्यावर पुढे एक-दोन मिनिटं शिजवायचं. कॉर्नफ्लोअर कच्चं राहिलं तर दुसऱ्या दिवशी पायला पाणी सुटतं.
३. गॅस बंद करून चॉकलेट आणि बटर घाला. साय धरू नये म्हणून प्लास्टिकची फिल्म थेट मिश्रणावर टेकवा. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा, तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका.
४. थंड क्रीम थंड भांड्यात फेटा. अर्धी क्रीम गार मिश्रणात हलक्या हाताने मिसळा, टिनमध्ये ओता. उरलेली वर पसरा.
५. रात्रभर, म्हणजे किमान ८ तास फ्रिजमध्ये सेट करा. घाई म्हणून फ्रीझरमध्ये नको. कॉर्नफ्लोअरचं सारण गोठून वितळलं की पाणी सोडतं.

जिलेटिन का नाही? ते प्राण्यांपासून बनतं. ते वापरलं तर डब्यावर शाकाहाराचं हिरवं चिन्ह लावता येत नाही. आपल्याकडे बरेच ग्राहक आधी तेच बघतात.

आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या दुकानातले भाव टाकून बघा.

साहित्य : २४५ रुपये
बॉक्स, बेस, लेबल : ४५ रुपये
गॅस आणि वीज : २० रुपये
तुमची मजुरी, सव्वा तास : १५० रुपये
एकूण : ४६० रुपये
नासधूस, सँपल यासाठी १० टक्के : ४६ रुपये
खरा खर्च : ५०६ रुपये

बरेच जण काय करतात? 'साहित्याच्या दुप्पट' लावतात. म्हणजे ४९० रुपये. ऐकायला छान, पण प्रत्येक पायमागे १६ रुपये तोटा! महिनाभर राबून हातात काही उरत नाही, ते यामुळेच. विक्रीच्या किमतीवर ३० टक्के नफा हवा असेल तर ५०६ ला ०.७ ने भागा. उत्तर येतं साधारण ७२३. मग ७२५ ला विका. डिलिव्हरी वेगळी.

फ्रिजची मर्यादा

समजा, घरचं दूध-भाजी सांभाळून तुमच्या फ्रिजमध्ये दोन पाय बसतात. शनिवारी सकाळसाठी पाच ऑर्डर आल्या, तर? गुरुवारी दोन करून ठेवू म्हणाल, तर तेच दोन शनिवारपर्यंत जागा अडवतात. म्हणजे तुमची क्षमता दोनच. तिसऱ्या ऑर्डरला नम्रपणे 'रविवारी देऊ का?' असं विचारा. अर्धवट सेट झालेला पाय दिला तर तो ग्राहक परत येत नाही.

जास्त माल द्यायचा असेल तर हेच मिश्रण झाकणाच्या छोट्या कपात भरा. एका पायच्या मिश्रणात साधारण आठ कप होतात. ते कोपऱ्यात बसतात, लवकर सेट होतात, प्रवासात मोडत नाहीत. सलग काही आठवडे ऑर्डर नाकाराव्या लागल्या, की मगच दुसऱ्या फ्रिजचा विचार करा.

विकण्याआधी हे कराच

• घरगुती किचन असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी घ्या आणि १४ अंकी नंबर लेबलवर छापा.
• लेबलवर तयार केल्याची तारीख, दूध आणि गहू असल्याची सूचना आणि 'फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा' हे लिहा.
• फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा. तापमान ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं.
• पाय झाकूनच ठेवा. क्रीम कांदा-लसणाचा, मासळीचा वास पटकन ओढून घेते.
• सुरुवातीला अर्ध्या तासाच्या अंतरातच डिलिव्हरी द्या, तीही थर्माकोलच्या पेटीत, जेल पॅक लावून.

आजचा गृहपाठ : एक पाय करा, पण विकू नका. घड्याळ लावून तुमचा वेळ मोजा, फ्रिजमध्ये किती टिन बसतात ते बघा आणि वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. दर आणि दिवसाच्या ऑर्डरची मर्यादा, हे दोन आकडे वहीत लिहिल्यानंतरच पहिली ऑर्डर घ्या. भेटू पुढच्या भागात!